गडांवरच्या फलकांचे आणि संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांचे मराठी: एक खुले पत्र

प्रति,
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन;
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची महाराष्ट्रातील मंडळ कार्यालये;
आणि राज्यातल्या लहानमोठ्या संग्रहालयांचे विश्वस्त व अभिरक्षक

स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता गडागडांवर नवे फलक लागतील, माहितीकक्ष उभे राहतील, संग्रहालयांतल्या चिठ्ठ्याही बदलतील. एकदा लागलेला फलक सहसा दहा-पंधरा वर्षे कोणी हलवत नाही. म्हणून मजकूर छापखान्यात जाण्याआधीच हे पत्र लिहीत आहोत.

आमची मागणी एक आहे. मराठी मजकूर आधी मराठीतच लिहिला जावा. ती वस्तू ज्यांनी वापरली, ती भिंत ज्यांनी राखली, त्यांच्या शब्दांत तो असावा. आणि तो शब्द आजच्या वाचकाच्या कानावर पडलेला नाही हे धरून त्याची उकल शेजारीच द्यावी. इंग्रजी किंवा हिंदी मसुद्यावरून उतरवून काढलेला मजकूर ही दोन्ही कामे करत नाही.

त्याचे कारण एका वाक्यात दाखवता येईल. “सदर बुरूज हा किल्ल्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वपूर्ण असून त्याची निर्मिती शत्रूवर लक्ष ठेवण्याच्या हेतूने करण्यात आलेली आहे.” या धाटणीचा मजकूर कुठल्याही गडावरच्या कुठल्याही बुरुजाला लागू पडतो. वाचणाऱ्याने कुठे पाहायचे ते त्यात नाही, काय वेगळे आहे तेही नाही. आता राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहून लिहू: “समोर एकामागे एक दोन भिंती आहेत. बाहेरची पडली तरी आतला बुरूज लढता राहावा म्हणून हे दुहेरी बांधकाम केले. अंगावर चिलखत चढवावे तसे, म्हणून याला चिलखती बुरूज म्हणतात. दोन भिंतींमधल्या बोळात उतरायला अरुंद पायऱ्या आहेत.” चारच वाक्ये झाली, पण वाचणारा मान वळवून ती दुसरी भिंत शोधतो. फलकाचे काम तेवढेच असते.

गडाच्या बांधकामाची मराठी शब्दसंपत्ती मोठी आहे आणि ती झपाट्याने विस्मरणात चालली आहे. ‘प्राचीर’, ‘परकोटा’, ‘प्रवेशद्वार क्रमांक २’ असे शब्द फलकांवर येऊ लागले की पुढची पिढी तेच घेऊन घरी जाते. तटाच्या माथ्यावरून पहारेकरी फिरतो ती फांजी. तिच्या कडेला दातांसारखे उभे असतात त्या चर्या. बंदुकीची नळी रोखायला भिंतीत तिरकी भोके ठेवतात त्या जंग्या. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या असतात त्या देवड्या. मोठ्या दरवाजातले माणूसभर दार म्हणजे दिंडी. दरवाजामागे आडवा सरकवायचा लाकडी अडसर बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे, पण त्याच्या खोबण्या भिंतीत शिल्लक आहेत. त्यांतली एक उथळ आणि समोरची खूप खोल असते, कारण दरवाजा उघडा असताना अख्खा अडसर त्या खोल खोबणीत ढकलून ठेवत. एवढे लिहिले तर सातवीतला मुलगा त्यात हात घालून बघेल आणि दरवाजा कसा बंद होत असे हे त्याला कायमचे कळेल.

रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी बांधणीही अशीच समजावता येते. दरवाजा दोन बुरुजांच्या आड दडलेला असतो. वळसा घेतल्याशिवाय तो दिसत नाही. त्यामुळे हत्तीला धाव घेऊन धडक देता येत नाही, तोफेला लांबून नेम धरता येत नाही. ‘गोमुखी’ एवढाच शब्द टाकून पुढे गेले तर वाचकाला त्यातले काहीच मिळत नाही. शब्द काढून टाकला तर तो भाषेतून जातो. दोन्ही हवेत: आधी शब्द, लगेच उकल.

संग्रहालयांत अडचण थोडी वेगळी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी घरगुती वस्तूच अधिक आहेत, आणि त्या घरांतून गेल्या तशी त्यांची नावेही गेली. फणेरपेटी, वज्री, तस्त, कुयरी, वाळूदाणी, लामणदिवा हे शब्द आज पंचविशीतल्या मराठी माणसाला अनोळखी आहेत. ‘वज्री, पितळ, १९ वे शतक’ अशी चिठ्ठी त्याला काहीच सांगत नाही. ‘वज्री: अंघोळ करताना टाचा घासायची खरबरीत घासणी’ असे लिहिले की वस्तू हातात आल्यासारखी वाटते. वाळूदाणीला ‘ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरून अक्षर सुकवण्यासाठी’ एवढी ओळ पुरते, मात्र तिच्या शेजारी दौत आणि बोरू ठेवलेले असावेत.

नावे प्रदेशागणिक बदलतात आणि नोंदवहीत घोळ होतो तो इथेच. पश्चिम महाराष्ट्रातला कुळव विदर्भात वखर असतो. देशावरची विळी सिंधुदुर्गात आडाळी होते. नोंद करणारा आपल्या गावचा शब्द लिहितो, आणि पुढे दुसऱ्या जिल्ह्यातला अभ्यासक आपल्या शब्दाने शोधतो तेव्हा वस्तू सापडत नाही. यावर साधा उपाय आहे. वस्तू जिथून मिळाली तिथला शब्द मुख्य नाव म्हणून लिहावा, बाकीची नावे ‘इतर नावे’ या स्वतंत्र रकान्यात द्यावीत, आणि मिळाल्याचे गाव, तालुका कधीही रिकामा सोडू नये. वस्तू कुठली हे ठाऊक नसेल तर प्रमाण शब्द मुख्य धरावा आणि ठिकाण अज्ञात असल्याचे नोंदवावे. अंदाजाने ‘महाराष्ट्र’ लिहून रकाना भरू नये.

हे शब्द अजून ज्यांच्याकडे आहेत ती माणसे आहेत, तोवर त्यांच्याकडे जायला हवे. गडांच्या घेऱ्यातली आणि मेटांवरची, म्हणजे गडाखालच्या चौक्यांवरची, घराणी, तांबट, कुंभार, लोहार, कोष्टी, जात्या-उखळावर काम केलेल्या बायका. त्यांना वस्तूचे छायाचित्र दाखवून “याला काय म्हणतात?” एवढेच विचारू नये. वस्तू हातात द्यावी, वापरून दाखवायला सांगावे आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. वापरताना माणूस भागांची नावे आपसूक बोलतो, नुसत्या प्रश्नाला तो अख्ख्या वस्तूचे एकच नाव सांगतो.

शस्त्रांच्या दालनात तर भागांच्या नावांवाचून काही कळतच नाही. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘तलवार’ एवढेच असते. सरळ पात्याची धोप, युरोपात घडवलेले पाते देशी मुठीत बसवलेली फिरंग, दांडपट्टा, खंडा ही वेगवेगळी हत्यारे आहेत. मुठीवरून बोटांच्या बाजूने वळलेली पट्टी म्हणजे परज, म्यानाच्या तोंडाचे धातूचे वेष्टण मोहनाळ आणि टोकाचे तहनाळ. एका तलवारीचे रेखाचित्र काढून त्यावर ही नावे दाखवली तर दालनातल्या बाकी सगळ्या तलवारी त्या एका चित्रावरून वाचता येतात. प्रत्येक चिठ्ठीत तीच माहिती पुन्हा द्यावी लागत नाही.

काही शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत, पण अर्थ पालटून. ‘अठरा कारखाने’ वाचून मुले धुराड्यांची कल्पना करतात. घोड्यांची पागा, हत्तींचा पीलखाना, मौल्यवान वस्तूंचा जामदारखाना, धान्याचा अंबारखाना ही खाती होती, कोठारे होती, हे कंसात न घालता मजकुरातच सांगावे. पदनामांचेही तसेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी-अरबी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द दिले: मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती, पेशवा पंतप्रधान. तरी ‘पेशवा’ टिकलाच. तेव्हा मूळ पत्रात जो शब्द आहे तोच चिठ्ठीत ठेवावा आणि दुसरा त्याला जोडून द्यावा. राज्याभिषेकाच्या आधीच्या पत्राखाली ‘अमात्य’ लिहिणे म्हणजे काळ पुसणे आहे.

आता तारखा. सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या सहज टाळता येतात.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम वर्षातले साधारण नऊ-दहा महिनेच खरा आहे. १ जानेवारी ओलांडल्यावर चैत्रापर्यंत, म्हणजे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा. ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे वर्ष १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ चा, तिथे ७८ बरोबर बसतात आणि १६७४ येते. म्हणून महिना ठाऊक नसलेल्या शकाचे रूपांतर करताना दोन वर्षे लिहावीत: ‘शके १६५० (१७२८-२९)’.

पेशवेकालीन कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यांत, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ११६१ अधिक ६००. चिठ्ठीवर मूळ शब्द, आकडा आणि इसवी सन अशा तीनही गोष्टी दिल्या तर त्या कागदासमोर उभा असलेला माणूस स्वतः ताडून पाहू शकतो.

तिसरी गुंतागुंत युरोपीय दिनदर्शिकांची आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरली, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवी घेतली. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच घटनेची तारीख सुरतेच्या इंग्रजी पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दहा दिवसांनी वेगळी असते. ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या दिनदर्शिकेची आहे, नव्या हिशेबाने त्या दिवशी १६ जून येतो. दोन दालनांत एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या की प्रेक्षक संग्रहालयाची चूक समजतो. ‘जुनी पद्धत’ किंवा ‘नवी पद्धत’ हे दोन शब्द प्रत्येक तारखेला जोडावेत.

‘१८ वे शतक’ हा शब्दप्रयोग शक्य तिथे टाळावा. बरेच जण त्याचा अर्थ अठराशे सालानंतरचा काळ असा घेतात. ‘सुमारे १७६० ते १७९०’ असे लिहिणे बरे.

मापांबाबत थोडक्यात. वीस मणांची खंडी हे बहुतेक ठिकाणी सारखे, पण मण सारखा नाही. बंगाली मण सुमारे ३७ किलोचा, मुंबईचा पावणेतेरा किलोच्या आसपास. ‘दहा मणांची तोफ’ याचे किलोत रूपांतर कुठला मण ते ठरल्याशिवाय करू नये. जुने माप कागदात आहे तसे द्यावे. आजचे वजन किंवा लांबी प्रत्यक्ष मोजून द्यावी.

शिलालेखांजवळचे फलक हा आमच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण तिथे दगडावरची भाषा आणि वाचकाची भाषा समोरासमोर येतात. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत लेखात ‘शाके षण्णवबाणभूमिगणनात्’ असे वर्ष घातले आहे. षट् म्हणजे ६, नव म्हणजे ९, बाण मदनाचे पाच म्हणून ५, भूमी एक म्हणून १. उलट्या क्रमाने वाचले की १५९६, राज्याभिषेकाचा शक. लेखाच्या ठशाचे छायाचित्र, त्याखाली ओळीला ओळ देवनागरी वाचन, त्याखाली आजच्या मराठीत अर्थ, आणि ही चार पदांची फोड, एवढे एका फलकावर सहज बसते. त्याच देवळाच्या पायरीवरच्या ‘सेवेचे ठायी तत्पर’ या ओळीतले हिरोजींचे आडनाव कोणी इंदुलकर वाचतात, कोणी इटळकर. दोन्ही वाचने द्यावीत. लोक वाकून अक्षरे पाहतील, ते चांगलेच आहे.

मोडी कागदांना हेच लागू. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे नसतात. म्हणून लिप्यंतरात शब्द तोडले असतील, वेलांट्या आजच्या नियमाने दिल्या असतील, तर तळाशी तसे सांगावे. नाहीतर वाचकाला मूळ कागदच आजच्या शुद्धलेखनात असल्यासारखे वाटते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले कुळाचा प्रचंड मराठी लेख आहे. तो आणि जिंजी पाहायला महाराष्ट्रातून लोक जातात. या दोन ठिकाणांसाठी शुद्ध मराठी मजकूर आपल्या कार्यालयांनी तमिळनाडूतल्या सहकाऱ्यांना तयार करून द्यावा.

पुरावा आणि परंपरा यांची सरमिसळ थांबवायला हवी. तीन ठरावीक शब्दयोजना पुरेत. समकालीन पत्र वा लेख असेल तर साधे विधान आणि कागदाचा उल्लेख. बखरीत किंवा लोकपरंपरेत असेल तर ‘परंपरा सांगते’. अवशेषांवरून केलेला अंदाज असेल तर ‘बांधणीवरून असे दिसते’. हिरकणीची गोष्ट फलकावर जरूर असावी, ती ‘परंपरा सांगते’ या शब्दांनी सुरू व्हावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांबाबत त्या संग्रहालयाने आपली भूमिका स्पष्ट ठेवली आहे: पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांची म्हणतो, इंग्रज अधिकारी ग्रँट डफ साताऱ्यात असताना ती त्याच्याकडे आली असेही सांगतो, पण तीच अफजलखानाच्या वेळची आहेत हे पडताळता येत नाही. इतके मोकळेपणे सांगितल्याने महाराजांची थोरवी तसूभरही कमी होत नाही, आणि बाकीच्या चिठ्ठ्यांवरचा विश्वास वाढतो.

कायद्याचे फलकही पुन्हा लिहायला हवेत. केंद्र संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीनंतर नासधुशीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. तीन महिने आणि पाच हजारांचा उल्लेख असलेले जुने फलक जिथे असतील तिथून काढावेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्य संरक्षित आहेत, त्यांना राज्याचा कायदा लागू होतो. तिथे केंद्राच्या फलकाची नक्कल चालणार नाही. ‘विद्रूपीकरण’ या एका शब्दाऐवजी ‘नाव कोरणे, रंग लावणे, दगड हलवणे’ असे लिहिले की कुणालाही कळते.

लांबी आणि अक्षर. वस्तूच्या चिठ्ठीला ४० ते ५० शब्द, गडावरच्या फलकाला ८० ते १००. त्याहून जास्त मजकूर उभ्याने वाचला जात नाही. एक मीटरवरून वाचायच्या चिठ्ठीत ‘क’ची उंची निदान ९ मिलिमीटर हवी. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार-जोडाक्षरे खाली जातात, म्हणून दोन ओळींत दीडपट अंतर ठेवावे. इंग्रजी मजकुराच्या चौकटीत मराठी कोंबले की पहिला बळी उकारांचा जातो. कापड, कागद आणि रंगीत चित्रांची दालने ५० लक्सच्या आसपास मंद ठेवावी लागतात. तिथे अक्षर आणखी मोठे, फिकट पार्श्वभूमीवर गडद, आणि चिठ्ठीला काच नको, कारण काचेत वरचा दिवाच दिसतो.

टंकाबाबत, म्हणजे फॉन्टबाबत, छपाईत नेहमी होणारी चूक सांगतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की ‘पायऱ्या’ मोडते, ‘तऱ्हा’ मोडते, विसर्ग उडतो. मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, म्हणजे ज्या टंकांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणे आपोआप येतात. छपाईला देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे टंकाची गरज न उरणाऱ्या रेखाकृती करून, द्यावे. त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून शेवटचे मुद्रितशोधन कर्व्ह केलेल्या प्रतीवर करावे, मूळ फाइलवर नव्हे.

साहित्य जागेप्रमाणे निवडावे. फ्लेक्स सह्याद्रीच्या वाऱ्यात फाटतो. चिकटवलेला व्हिनाइल उन्हाने उडतो आणि पावसात कडेने सुटतो. लोखंड बोल्टच्या भोकापासून गंजते. चकचकीत ग्रॅनाइटवर कोरलेली अक्षरे रंग गेला की दुपारच्या उन्हात वाचताच येत नाहीत. जलदुर्गांवर ३१६ प्रतीचेच स्टेनलेस स्टील टिकते, ३०४ वर खाऱ्या हवेने डाग पडतात. पत्र्यावर भाजलेले एनॅमल महाग पडते, पण गडांसाठी तेच योग्य वाटते. तटात, बुरुजात, कातळात भोक पाडू नये. फलक स्वतःच्या पायावर, ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीवर, तिरका ठेवावा, आणि ज्या गोष्टीबद्दल तो बोलतो ती पाठीमागे न येता समोर दिसली पाहिजे. क्यूआर कोड जोड म्हणून चालेल, मजकुराची जागा त्याला देऊ नये, कारण अनेक गडांवर नेटवर्क मिळत नाही.

हे सगळे व्हायचे तर निविदेत बदल करावा लागेल. फलकाचे काम चौरस फुटाच्या दराने धरले की मजकूर लिहिणाऱ्याला त्यात जागाच उरत नाही. लेखन, तज्ज्ञ तपासणी आणि मुद्रितशोधन यांसाठी वेगळी बाब आणि वेगळी रक्कम ठेवावी. मसुदा झाल्यावर तो खऱ्या मापात साध्या कागदावर छापून जागेवरच लावावा, सातवीतल्या एका मुलाला आणि साठीतल्या एका व्यक्तीला मोठ्याने वाचायला द्यावा. जिथे ते अडखळतात ते वाक्य बदलावे. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात क्रमांक छापावा, म्हणजे “पद्मावती माचीवरचा तो निळा फलक” असे न लिहिता लोक नेमकी चूक कळवू शकतील. आलेल्या दुरुस्त्यांची वही दर वर्षी मार्चमध्ये तपासली जावी.

अकरा गडांपासून सुरुवात करता येईल. पावसाळ्यात गडांवर काम होत नाही, ते चार महिने शब्दनोंद आणि मसुद्यांना द्यावेत. कागदी चाचणी दिवाळीच्या सुट्टीत घ्यावी, तेव्हा घरच्या सगळ्या पिढ्या गडावर एकत्र येतात आणि गवत अजून पुरते वाळलेले नसल्याने कुठला फलक झाकला जातो हेही दिसते. कायमचे फलक जानेवारीनंतर लावावेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गडकोट आणि संग्रहालयांच्या मजकुराचे काम करणारे काही अभ्यासक, संपादक आणि वाटाडे